तिव्याचं इंजेक्शन: गिधाडं कशी गेली, याचं प्रकरण

तिवा आलेला बैल ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचं दुखणं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात एखाद्या सकाळी तो उठतच नाही. अंग तापलेलं, आज एक पाय धरलेला, उद्या दुसरा. वैरण-पाणी बंद. बहुतेक जनावरं तीन दिवसांत आपोआप बरी होतात, नाव पडलं ते त्यावरूनच. पण ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बैल तीन दिवस बसला तर घरधन्याचं वर्ष बसतं, म्हणून डॉक्टरला बोलावणं येतं.

1990च्या दशकात नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, डांगी गुरांच्या मुलखात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून काम सुरू केलं. त्या सुमारास आमच्या पिशवीत एक नवं वेदनाशामक आलं होतं, डायक्लोफिनॅक. माणसांना ते आधीपासून माहीत होतं, पेटंट संपल्यावर जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. सकाळी सुई दिली की संध्याकाळी बैल उभा राहायचा. तिवा असो, कासदाह असो, लंगडणं असो, अवघड विण्यातून गेलेली गाय असो, हात त्याच बाटलीकडे जायचा. मी ते किती जनावरांना दिलं याची मोजदाद माझ्याकडे नाही. दरवेळी एका मुक्या जिवाचं दुखणं कमी व्हावं म्हणूनच दिलं. त्याच औषधाने भारतीय उपखंडातली गिधाडं संपत आणली. हे सगळं कसं घडलं ते सलग मांडून ठेवायला हवं, असं मला फार दिवस वाटतंय.

आधीची घडी

गुरं होती तिथे गिधाडं होती. जगात सर्वाधिक गुरं-म्हशी असलेल्या देशांत आपण, आणि त्यातली पुष्कळ जनावरं म्हातारपणाने किंवा आजाराने मरतात. मेलेलं जनावर गावाबाहेर ठरलेल्या जागी टाकायचं, कातडं सोडवून न्यायचं, बाकीचं गिधाडांवर सोडायचं. मेलेली ढोरं ओढण्याचं काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादलेलं होतं. बाबासाहेबांच्या आवाहनानंतर महाराष्ट्रात महार समाजाने ते सोडलं आणि ते सोडणं न्यायाचंच होतं. पण गावाने त्या कामाची दुसरी व्यवस्था कधी उभी केली नाही. करावी लागली नाही, कारण कामाचा मोठा वाटा आभाळातून उतरत होता आणि त्याची मजुरी कोणी देत नव्हतं.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. वर एक ठिपका दिसायचा, मग पाच, मग बघता बघता आभाळ घिरट्यांनी भरायचं. म्हशीएवढं धूड अर्ध्या-पाऊण तासात हाडांवर यायचं. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. फाशीने, म्हणजे माणसाला ज्यामुळे काळपुळी होते त्या रोगाने मेलेलं जनावरही ती पचवतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर तेव्हा जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत संख्येने बहुधा सर्वांत जास्त असावं, असं पक्षितज्ज्ञ लिहीत होते. उपखंडात गिधाडं कोट्यवधी होती. त्यामुळे ती मोजावीत असं फार कुणाला वाटलं नाही.

भरतपूरची घरटी

मोजणारा एक माणूस होता, हे आपलं नशीब. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश 1980च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. 1987-88मध्ये त्यांनी तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या 353 जोड्या घरटी करताना नोंदवल्या. 1996-97मध्ये त्याच जागी 150 उरल्या. 1998-99मध्ये 20. झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडं, आणि झाडांखाली मेलेली.

पुढे 1991 ते 1993 या काळात ज्या रस्त्यांवरून गाडीने फिरून देशभर शिकारी पक्षी मोजले होते, त्याच रस्त्यांवरून पुन्हा पुन्हा मोजणी झाली. 1992 ते 2007 या 15 वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं. लांब चोचीचं आणि सडपातळ चोचीचं अशा दोन जाती मिळून घट जवळपास 97 टक्के. भारतीय उपखंडाच्या आभाळात इतक्या वेगाने कोसळलेला दुसरा पक्षी मला माहीत नाही.

आमच्या पट्ट्यात कोणी आकडे काढले नव्हते, पण माणसांच्या लक्षात आलं होतं. एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, गिधाडं कुठं गेली हो? ढोर आठ दिवस पडून आहे." मी म्हणालो, जंगल तुटलं ना बाबा, गेली असतील दुसरीकडे. तेव्हा मला ते उत्तर पटत होतं. पिशवी माझ्या खांद्यावरच होती.

संशय कुणावर

सुरुवातीचे अंदाज आज चुकीचे वाटले तरी वेडगळ नव्हते. कोणी कीटकनाशकांकडे बोट दाखवलं, कोणी तुटलेल्या मोठ्या झाडांकडे, कोणी खाद्य कमी झाल्याकडे. सर्वांत जोर विषाणूच्या शक्यतेवर होता, कारण मरण साथीसारखं पसरत होतं. मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात मात्र एकच गोष्ट वारंवार दिसत होती. काळीज, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. पक्षी आपल्यासारखी पातळ लघवी करत नाहीत, त्यांच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. मूत्रपिंड बंद पडलं की ते आम्ल रक्तात साठतं आणि आतल्या अवयवांवर त्याचे खडे बसतात. म्हणजे मूत्रपिंडाला काहीतरी मारत होतं. काय, ते कळत नव्हतं.

ते शोधलं पाकिस्तानच्या पंजाबात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या पेरेग्रीन फंड या संस्थेतले सहकारी 2000पासून तिथे मेलेली गिधाडं गोळा करत होते. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात, कीटकनाशकंही सापडेनात. मग त्यांनी प्रश्न फिरवला. गिधाडं खातात काय? पाळीव जनावरं. मग त्या जनावरांना माणूस काय देतो? पशुवैद्यक आणि औषध दुकानदार यांच्याकडे चौकशी केली, मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल आणि अलीकडेच वापरात आलंय असं काय विकलं जातं ते विचारलं. नाव आलं डायक्लोफिनॅक. तपासलेल्या गिधाडांपैकी ज्या 25 जणांच्या अवयवांवर तो पांढरा थर होता, त्या सर्व 25 जणांत डायक्लोफिनॅक सापडलं. ज्या 13 जणांत थर नव्हता, त्यांपैकी एकातही सापडलं नाही. 2004च्या सुरुवातीला हे 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात छापून आलं.

या शोधातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उत्तर पक्षिशास्त्रात नव्हतंच. ते माझ्यासारख्यांच्या पिशवीत आणि तालुक्याच्या औषध दुकानात होतं. तिथे जाऊन विचारायला कोणाला तरी दशक उलटल्यावर सुचलं. आमच्यापैकी कोणी गिधाडांच्या माणसांशी कधी बोललं असतं, किंवा ते आमच्याशी, तर काही वर्षं वाचली असती. त्या प्रत्येक वर्षात पांढऱ्या पाठीची उरलेली गिधाडं जवळजवळ निम्मी होत होती.

थोड्या ढोरांनी एवढं कसं झालं?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आणि नंतर प्रत्येक सभेत मला विचारला गेला. इंजेक्शन किती जनावरांना देतो आपण? त्यातली किती त्याच दोन-तीन दिवसांत मरतात? एवढ्यावर कोट्यवधी पक्षी मरतील?

हिशेब असा आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं वजन साधारण 5 किलो. घातक मात्रा एका किलोला 0.1 ते 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका पक्ष्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं. 300 किलोच्या गायीला आम्ही 300 मिलिग्रॅमच्या वर देत होतो. औषध दिल्यानंतर जनावर दोन-तीन दिवसांच्या आत मेलं तर यकृत, मूत्रपिंड आणि सुई टोचलेल्या जागेच्या मांसात पुरेसं औषध शिल्लक असतं. आणि मरणाच्या दारातल्या जनावरालाच शेवटची सुई बहुतेक वेळा दिली जाते. वाचेल असं वाटत नाही, निदान वेदना तरी कमी होऊ देत, म्हणून. त्या सुईत माझी दया होती, तेच मांस गिधाडांच्या पुढे गेलं.

त्यात गिधाडांची खाण्याची रीत. एका ढोरावर पन्नास-शंभर पक्षी उतरतात, त्यामुळे एक विषारी ढोर आख्खा थवा नेऊ शकतं. एक गिधाड वर्षभरात कितीतरी ढोरांवर जेवतं, म्हणजे वर्षभरात कितीतरी वेळा तोच जुगार. केंब्रिजचे ऱ्हिस ग्रीन यांनी गणित मांडून दाखवलं की दिसत असलेली घट घडायला 130 ते 760 ढोरांमागे एक घातक ढोर पुरेसं आहे, शंभरातलं एकसुद्धा लागत नाही. मग भारतात 2004-05मध्ये मेलेल्या जनावरांच्या यकृताचे 1848 नमुने तपासले गेले. दहातल्या एका नमुन्यात डायक्लोफिनॅकचा अंश होता.

आणि भर घालायची गतीच नाही. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. हा पक्षी दीर्घायुष्याच्या भरवशावर तगणारा आहे. मोठे पक्षी मरू लागले की त्याच्याकडे दुसरा उपाय उरत नाही.

बंदी कागदावर, मग बाटलीवर

पर्यायाशिवाय बंदी आणून भागणार नव्हतं. दुखणारं जनावर दारात असताना शेतकऱ्याला "काही देऊ नका" असं कोण सांगणार? मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे हे दक्षिण आफ्रिकेत आणि भारतात प्रत्यक्ष पक्ष्यांवर तपासलं गेलं आणि 2006च्या आरंभी प्रसिद्ध झालं. 11 मे 2006 रोजी केंद्राच्या औषध नियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे परवाने मागे घ्यायला सांगितलं. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी पाऊल उचललं, बांगलादेशने 2010मध्ये. शोध लागल्यापासून बंदीपर्यंत सव्वादोन वर्षं, आपल्याकडच्या मानाने हा वेग मोठा म्हणायला हवा.

तरी बाटली दुकानातून गेली नाही. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक कायदेशीरच होतं, आणि ते 30 मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत मिळत होतं. माणसाला एका वेळी 3 मिलिलिटर लागतं, दहा माणसांचं औषध एका बाटलीत का असावं याचं उत्तर गोठ्यात होतं. 2007 ते 2010 दरम्यान 11 राज्यांतल्या अडीचशेहून अधिक दुकानांत जनावरासाठी औषध मागून पाहिलं, तेव्हा 36 टक्के ठिकाणी डायक्लोफिनॅक मिळालं. आमच्याकडेही तेच चाललं होतं. मेलॉक्सिकॅम सुरुवातीला महाग पडायचं, त्याचा गुण थोडा सावकाश यायचा, आणि शेतकऱ्याला "ते पूर्वीचं" हवं असायचं. मी बंदीनंतर ते हाताळलं नाही, पण गावोगाव सुई देत फिरणाऱ्या, शिक्षण नसलेल्या मंडळींच्या पिशवीत ते मी पाहिलं आणि दोनचारदा भांडलोही. भांडून फारसं काही झालं नाही.

फरक पडला तो 17 जुलै 2015च्या निर्णयाने. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक इंजेक्शन फक्त एका मात्रेच्या, 3 मिलिलिटरच्या कुपीतच विकायचं, असं सरकारने ठरवलं. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, 2017मध्ये न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. आता एका गायीला सुई द्यायची तर चार-पाच तरी कुप्या फोडायच्या, त्यांचे पैसे मोजायचे. तोवर मेलॉक्सिकॅम बऱ्याच कंपन्या बनवू लागल्या होत्या आणि ते स्वस्तही झालं होतं. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. 2006च्या बंदीने गुन्हा ठरवला, पण जुनी सवय मोडली ती बाटलीच्या मापाने.

रिकाम्या जागेत काय आलं

ढोरं मरायची थांबली नव्हती. त्यांच्यावर आता भटकी कुत्री पोसली जाऊ लागली. कुत्रं गिधाडाइतकं साफ खात नाही, रोग पचवत नाही, उलट पिसाळतं आणि चावतं. 1992पासूनच्या दीड दशकात कुत्र्यांच्या संख्येत सुमारे 55 लाखांची भर गिधाडं गेल्यामुळे पडली आणि रेबीजने 47 हजारांहून अधिक जास्तीचे मृत्यू झाले, असा अंदाज 2008च्या एका अभ्यासात होता.

इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024मध्ये त्याहून व्यापक हिशेब मांडला. जिथे पूर्वी गिधाडांना पोषक परिस्थिती होती असे जिल्हे आणि जिथे ती मुळातच नव्हती असे जिल्हे, यांच्यातल्या माणसांच्या मृत्युदराची त्यांनी डायक्लोफिनॅक येण्याआधी आणि आल्यानंतर तुलना केली. रेबीज, कुजक्या ढोरांमुळे नासलेलं पाणी, इतर संसर्ग हे सगळं धरून 2000 ते 2005 या काळात सुमारे 5 लाख जास्तीची माणसं मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. असे आकडे थेट मोजलेले नसतात, तुलनेतून काढलेले असतात, म्हणून कोणी ते थोडे खालीवर धरील. निम्मे धरले तरी अडीच लाख माणसं होतात. ज्या बाटलीच्या किमतीत काही रुपये वाचले म्हणून आम्ही ती निवडत होतो, तिचा उरलेला खर्च या माणसांनी भरला, आणि त्यांतल्या कोणाला तो कशाचा होता हे कळलं नाही.

मुंबईत पारशी समाजाची आणखी वेगळी अडचण झाली. मलबार हिलच्या डुंगरवाडीत देह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची रीत गिधाडांवर उभी होती. ती जाताच देह लवकर कोरडे व्हावेत म्हणून सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. एका समाजाच्या शेवटच्या संस्कारापर्यंत हे प्रकरण पोचलं.

आज कुठे आहोत

हरियाणातल्या पिंजोर इथे 2001मध्ये गिधाडांच्या उपचाराचं केंद्र निघालं, 2004पासून तिथे पैदास सुरू झाली. तिथली गिधाडं जानेवारी 2024मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली, मोठ्या पिंजऱ्यांत रुळवली आणि माग घेणारी यंत्रं बसवून त्याच वर्षी मोकळी सोडली. रायगडमध्ये म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर काही पक्षी टिकून आहेत. देशभरात 2015च्या मोजणीवरून पांढऱ्या पाठीची सुमारे 6 हजार, लांब चोचीची 12 हजार आणि सडपातळ चोचीची 1 हजार असा अंदाज होता. घसरण थांबल्यासारखी दिसते. वाढ म्हणावी अशी अजून नाही.

पण मला घोर आहे तो औषधांचा. डायक्लोफिनॅकच्या जागी नुसतं मेलॉक्सिकॅम आलं नाही. ॲसिक्लोफिनॅक आलं, जे गायीच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. किटोप्रोफेन आलं, निमेसुलाइड आलं. त्यांचं विष सिद्ध करायला पुन्हा वर्षं गेली, पुन्हा गिधाडं मेली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर बंदी यायला 31 जुलै 2023 उजाडला, निमेसुलाइडवर 30 डिसेंबर 2024. फ्लुनिक्सिन अजून वापरात आहे आणि त्यानेही गिधाडं मेल्याची नोंद आहे. जनावरांसाठीचं प्रत्येक नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधी गिधाडांसाठी तपासलं गेलंच पाहिजे, हे 2004मध्येच उघड झालं होतं. आपण मात्र आधी विकतो, मग मेलेले पक्षी मोजतो, मग बंदी आणतो.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या गिधाडांच्या खाद्य-जागेच्या कामात जातो. हरसूलकडे खोरीपाड्याला वनविभाग आणि गावकरी मिळून अशी जागा चालवतात, तसंच हे काम. मेलेलं जनावर मिळालं की ते गिधाडांसाठी टाकायचं, पण आधी मालकाला विचारायचं की गेल्या आठवड्यात त्याला काय टोचलं होतं.

मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावरून फोन आला. डांगी गाय गेली होती, घेऊन जा म्हणाले. मी विचारलं, "दादा, इंजेक्शन कोणतं दिलं होतं?"

"परवा दिलं डॉक्टरसाहेब, तापावरचं."

"नाव? बाटली आहे का?"

बाटली नव्हती. सुई देणारा दुसऱ्या गावचा, त्याचा फोन लागेना. पोरगा म्हणाला, काचेची छोटी होती, फोडून टाकली. किती फोडल्या, हे त्याला आठवत नव्हतं.

आम्ही चौघांनी मिळून कमरेइतका खड्डा घेतला, मीठ टाकलं आणि गाय पुरली. माती लोटत असताना अंजनेरीच्या अंगाने लांब चोचीची तीन गिधाडं आली आणि खड्ड्यावर घिरट्या घालू लागली. बराच वेळ घालत होती.